रिसॉर्टवाल्याला ग्रामसभेने काय विचारायचं?

(किनवट तालुक्यातल्या ग्रामसभांच्या बैठकीत एका गवंडी साथीने केलेलं भाषण. बोलणं शक्य तितकं जसंच्या तसं उतरवलं आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी गावात मोठ्याने वाचून दाखवावं.)



आयाबायांनो, दादांनो, आणि मागं मोहाखाली बसलेल्या पोरांनो,

मला भाषण येत नाही. मी गवंडी माणूस. थापी धरता येते, माईक धरता येत नाही. पण मागच्या बैठकीत ठरलं की रिसॉर्टच्या विषयावर बांधकामातल्या माणसानं बोलावं, म्हणून उभा राहिलोय. कुठं चुकलं तर तिथंच थांबवा.

विषय तुम्हाला माहीत आहे. आपल्यातल्या एका गावाकडं एक रंगीत कागद आला. वर लिहिलंय ‘पर्यावरणपूरक निसर्ग पर्यटन केंद्र’. खाली चित्र. पन्नास खोल्या, मातीच्या रंगाच्या भिंती, बांबूचे कठडे, मधे निळ्या पाण्याचा तलाव, आणि कडेला नारळाची झाडं. तिथल्या एका आजीनं कागद हातात घेतला, नीट बघितला आन् म्हणाली, “बाबा, ह्ये रान आपलंच हाय का? आपल्याकडं नारळ कवा लागले?” सगळे हसले. पण आजीनं बरोबर जागी बोट ठेवलं. ते चित्र आपल्या गावाचं नव्हतंच. समुद्रकाठच्या रिसॉर्टचं चित्र उचलून पैनगंगेच्या काठावर चिकटवलं होतं.

आता गावात दोन मतं झालीत. म्हातारी माणसं म्हणायलीत, नको. पोरं म्हणायलीत, येऊ द्या. माझा सख्खा पुतण्या मला म्हणाला, “काका, दरवर्षी ऊस तोडायला जायचं नाहीतर पुण्याला बांधकामावर जायचं. इथंच काम मिळालं तर तुमच्या पोटात काहून दुखायलंय?” त्याला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. प्रश्न खोटा नव्हता, म्हणून गप्प बसलो. आज त्याला उत्तर द्यायला उभा आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. पाहुणा येण्याला आपला विरोध नाही. पावसाळ्यात सहस्रकुंडाला किती गाड्या लागतात, तुम्ही बघताच. माहूरला किती लोक येतात. आपल्या दारात आलेल्याला आपण पाणी दिल्याशिवाय पाठवलं नाही कधी. प्रश्न पाहुण्याचा नाही. जमीन, पाणी, वाट ह्यांचा निर्णय कोण करणार, हा प्रश्न आहे.

खरं शास्त्र काय आहे

मी समुद्रकाठी तीन हंगाम रिसॉर्टच्या कामावर होतो. कोणतं, कुठलं, ते सोडा. नावाशी आपल्याला काम नाही. तिथं एक इंजिनियर होता, भला माणूस. दुपारच्या सुट्टीत नकाशा पसरून समजावून सांगायचा. त्याच्यामुळं मला कळलं की पर्यावरणपूरक बांधकाम ही नुसती थाप नाही. त्यात शास्त्र आहे. ते आधी ऐका, म्हणजे खरं कोणतं आणि वरचा रंग कोणता, हे ओळखता येईल.

कोकणची हवा दमट. अंगावरचा घाम वाळत नाही. म्हणून तिथं घरातून वारा आरपार गेला पाहिजे. समोरासमोर खिडक्या, उंच छप्पर, छपराला चांगला उतार. पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून वळचण लांब काढलेली, भोवती पडवी. भिंतीला जांभा दगड, कारण तो तिथल्याच जमिनीतून निघतो. दुसरं म्हणजे किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या असतात. त्यांच्यावर मर्यादवेल नावाची वेल पसरलेली असते, ती वाळू धरून ठेवते. ह्या टेकड्या म्हणजे समुद्राला घातलेला बांध. त्या सपाट करायच्या नसतात, त्यांच्या मागं बांधायचं असतं. इंजिनियर म्हणायचा, “जुन्या लोकांनी हे सगळं शिकून ठेवलंय, आपण फक्त मोडू नये.”

आता आपल्याकडं बघा. किनवटचा उन्हाळा कोरडा. मे महिन्यात दुपारचा वारा म्हणजे भट्टीची धग. कोकणासारख्या मोठ्या खिडक्या ठेवल्या तर घरात झळा शिरतील. आपल्याला मातीची जाड भिंत पाहिजे, नाहीतर कुडावर शेणामातीचा चांगला थर. वर कवेलू, समोर ओसरी, अंगणात मांडव. दुपारी बंद ठेवायचं, रात्री उघडायचं. आपल्या आईबापांनी घरं अशी बांधली ती गरीब होते म्हणून नाही, इथलं ऊन त्यांना माहीत होतं म्हणून.

म्हणजे घर चांगलं कधी? तिथल्या हवेला, मातीला, पावसाला विचारून बांधलं असेल तेव्हा. समुद्रकाठचं चित्र आपल्याकडं चालत नाही. चालवायचंच म्हटलं तर मोठ्या काचा लागतात, काचेमागं एसी लागतो, एसीला वीज लागते, वीज गेली की डिझेलचा जनरेटर लागतो. बाहेरून मात्र भिंत मातीच्या रंगाची! मी स्वतः सिमेंटच्या भिंतीवर मातीच्या रंगाचा गिलावा केलाय. जुनं दिसावं म्हणून त्यात बोटांनी रेघा ओढायला सांगितल्या होत्या. रेघा माझ्याच हाताच्या आहेत, म्हणून खात्रीनं सांगतो.

किल्लारीचा धडा

पण माती आणि दगड म्हटलं की सगळं चांगलं, असंही समजू नका. आपले लातूरचे साथी इथं बसलेत, त्यांना माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं झोपेत. किल्लारी आणि आसपासच्या लातूर-उस्मानाबादच्या गावांत दगडमातीच्या जाड जाड भिंती होत्या, वर माळवदाच्या मातीचं ओझं. भिंत बाहेरून एक दिसायची, आत दोन पदर आणि मधे भर. दोन पदर एकमेकांत गुंतवलेले नव्हते. हादरा बसला, पदर सुटले आणि माळवद खाली आलं. हजारो माणसं गेली. पुढं गवंड्यांना शिकवलं गेलं: भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचेल असा लांब दगड मधे मधे घाला, भिंतीला सगळीकडून पट्टा बांधा, छप्पर हलकं ठेवा. इथलाच दगड, इथलीच माती होती, तरी माणसं वाचली नाहीत. कारण बांधणी चुकली होती.

किल्लारीनं अजून एक शिकवलं. नंतर कित्येक गावं अख्खीच्या अख्खी नव्या जागी वसवली. घरं भूकंपात टिकतील अशी झाली, ही चांगली गोष्ट. पण नकाशा कागदावर आखला, सरळ रस्ते आणि एकासारखं एक घर. जुन्या गल्ल्या, एकमेकांना लागून असलेल्या ओसऱ्या, शेताजवळचं राहणं सुटलं. ज्याचा दिवस त्या घरात जाणार आहे, त्याला नकाशाच्या वेळी विचारलं नाही तर नकाशात त्याचा दिवस येत नाही. आपल्याला आलेल्या रंगीत कागदात बघा. खोल्या आहेत, तलाव आहे, गाड्या लावायची जागा आहे. मोहाची झाडं दाखवलीत का? गुरांची वाट दाखवली का? आपलं देवाचं ठिकाण दाखवलं का? नाही.

पाण्याचा हिशोब

आता पाणी. हा हिशोब पोरांनी वहीत लिहून घ्यावा.

जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. बांधकामाच्या सरकारी मानकात साध्या हॉटेलातल्या माणसाला १८० लिटर आणि मोठ्या तारांकित हॉटेलातल्या माणसाला ३२० लिटर धरतात. पन्नास खोल्या म्हणजे शंभर पाहुणे. ३२० नं गुणा. दिवसाला ३२,००० लिटर. ५५ नं भागा. जवळपास ५८० माणसं. म्हणजे शंभर पाहुण्यांना जेवढं पाणी लागेल, तेवढ्यात ५८० माणसांचं गाव जगतं. आपली कितीतरी गावं ह्याहून लहान आहेत.

त्यात तो निळा तलाव. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, दीड मीटर खोल धरला तर ३ लाख लिटर पाणी. आपल्या उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडून जातं असं धरा. रोज २,००० लिटर नुसतं वर जाणार. ते कोणी प्यालं नाही, कोणत्या झाडाला गेलं नाही.

२०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, दहा डब्यांची, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. एवढ्या मोठ्या शहराला ५ लाख लिटर! ती गाडी बघायला लोक स्टेशनवर जमले होते. आपला तलाव एकदा भरायला त्या गाडीतलं निम्म्याहून जास्त पाणी लागेल. मराठवाड्यात राहून हा हिशोब विसरायचा नसतो.

समुद्रकाठी काय झालं ते सांगतो. वाळूच्या खाली पावसाचं गोडं पाणी असतं. ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. हळू हळू काढलं तर साय पुन्हा धरते. मोटार लावून रात्रंदिवस ओढलं तर साय संपते आणि खालचं खारं पाणी वर येतं. मी काम करत होतो तिथं शेजारी मासेमारांची वाडी होती. पहिल्या वर्षी आम्ही त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायचो, गोड होतं. तिसऱ्या वर्षी त्याच वाडीतल्या बाया हंडे घेऊन आमच्या कामावरच्या टँकरपाशी उभ्या राहायच्या. रिसॉर्टच्या पाटीवर ‘निसर्गाशी मैत्री’ असं लिहिलेलं होतं. इंजिनियरला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, “माझ्या नकाशाची हद्द कुंपणापर्यंत आहे.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. नकाशाची हद्द कुंपणापर्यंत, पण पाण्याची हद्द कुंपणापर्यंत नसते.

आपल्याकडं समुद्र नाही, काळा दगड आहे. दगडाच्या भेगांत साठेल तेवढंच पाणी. एकानं खोल बोअर मारला की शेजारच्या विहिरीचा तळ दिसतो. आणि ज्या भेगांतून पाणी येतं, त्याच भेगांतून संडासाच्या शोषखड्ड्याचं पाणीही जातं. शंभर माणसांचं सांडपाणी, स्वयंपाकघराचं तेलकट पाणी, तलावातलं क्लोरीनचं पाणी, हे सगळं रोज कुठं जाणार? चांगल्या बांधकामात त्याची सोय करता येते. आधी टाकीत गाळ बसवायचा, मग खडीच्या वाफ्यातून पाणी सोडायचं, वाफ्यात कर्दळीसारखी झाडं लावायची, आणि निघालेलं पाणी झाडांनाच द्यायचं. हे होतं, मी स्वतः एका ठिकाणी बांधलंय. पण त्याला जागा लागते, खर्च लागतो, रोज बघणारा माणूस लागतो. म्हणून बहुतेकदा ते नकाशात असतं आणि जमिनीवर नसतं.

वाट कोणाची

रिसॉर्ट आलं की कुंपण येतं. कुंपण आलं की वाट जाते. गोव्यात पणजीजवळ दोना पावलाला वायंगिणीचा किनारा आहे. तिथं सिदाद द गोवा नावाचं मोठं हॉटेल आहे. किनाऱ्यावर जायची लोकांची वाट हॉटेलच्या बांधकामानं अडली, म्हणून लोक कोर्टात गेले. वर्षानुवर्षं खटला चालला. २० जानेवारी २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की लोकांची वाट खुली करा, वाटेत आलेलं बांधकाम पाडा. समुद्र, नदी, जंगल अशा गोष्टींचं सरकार मालक नसतं, लोकांच्या वतीनं सांभाळणारं विश्वस्त असतं, हे तत्त्व त्या निकालात आहे. पण पुढचंही ऐका. त्याच वर्षी गोवा सरकारनं भूसंपादनाच्या कायद्यात बदल केला आणि ते बांधकाम वाचवायची सोय केली. कोर्टात जिंकलेली वाट कायदा बदलून पुन्हा अडवता येते, एवढं लक्षात ठेवा.

केरळात वेंबनाड नावाचा मोठा जलाशय आहे. त्यातल्या एका बेटावर ५४ बंगल्यांचं आलिशान रिसॉर्ट उभं राहिलं. मासेमारांनी दावा लावला. २०१३ मध्ये उच्च न्यायालयानं पाडायचा आदेश दिला, जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पाडकाम सुरू झालं. मासेमार जिंकले. पण बघा, आधी बांधलं, मग पाडलं. पाडल्यावर राहतो तो ढिगारा. सिमेंटचा ढिगारा पुन्हा माती होत नाही, हे गवंड्याला सांगायला नको. म्हणून बांधायच्या आधी विचारायचं असतं.

कायदा काय म्हणतो

समुद्रकाठासाठी १९ फेब्रुवारी १९९१ ला नियम आले. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामावर बंधनं, आणि खेड्यांच्या किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवीन बांधकाम नाही. २०१९ च्या नियमांत दाट वस्तीच्या खेड्यांना हे २०० मीटर ५० वर आणले. समुद्राची रेषा तिथंच होती, कागदावरची रेषा पुढं सरकली.

जंगलाचंही तसंच व्हायलंय. १९८० च्या वन संवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ डिसेंबर २०२३ पासून ती लागू आहे. वनविभागाच्या आराखड्यात दाखवलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी आता ‘वनेतर वापर’ धरल्या जात नाहीत. साध्या भाषेत सांगतो. पूर्वी जंगलात असं बांधकाम करायचं तर जंगल दुसऱ्या कामाला द्यायची परवानगी लागायची, आणि त्या पायरीवर ग्रामसभेला विचारा असं आपण म्हणू शकत होतो. आता ती पायरीच काढून टाकलीय. म्हणून ‘पर्यावरणपूरक’ आणि ‘निसर्ग पर्यटन’ हे शब्द आता चावीसारखे झालेत. त्या चावीनं जंगलाचं दार उघडतं.

पण घाबरू नका. वनहक्क कायदा २००६ तिथंच आहे. तो कोणी रद्द केलेला नाही. त्यातल्या चार गोष्टी पाठ करा.

एक. कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयीसाठी जंगलाची जमीन देता येते अशी १३ कामं लिहिलीत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, तळी, पाण्याची पाइपलाइन, रस्ता, समाजमंदिर वगैरे. प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ह्या १३ मध्ये रिसॉर्ट नाही.

दोन. कलम ५ प्रमाणे जंगल, जनावरं, पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. जंगलाला बाधा करणारं काम थांबवायचा निर्णयही ग्रामसभा घेऊ शकते.

तीन. हक्काची मान्यता पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येत नाही, कलम ४(५). ज्यांचे दावे अजून पडून आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं.

चार. वनहक्काचा पट्टा वारसाला जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आदिवासीची सातबाऱ्याची जमीनही महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, भाडेपट्ट्यानंही देता येत नाही. कोणी येऊन म्हणालं की “तीस वर्षांसाठी फक्त भाड्यानं द्या, मालक तुम्हीच”, तर अंगठा उठवू नका. आधी कागद ग्रामसभेत आणा.

आपली किनवट-माहूरची बरीच गावं पाचव्या अनुसूचीत आहेत, तिथं १९९६ चा पेसा कायदाही लागू आहे. निम्न पैनगंगेच्या धरणाचं सावट आपल्या डोक्यावर किती वर्षांपासून आहे. तेवढ्यात आपण एक शिकलोय. ज्या गावाचे ठराव नीट लिहिलेले असतात, त्या गावाशी बोलताना साहेब खुर्चीत सरळ बसतो.

मग करायचं काय

पुतण्याचा प्रश्न अजून तिथंच आहे. काम पाहिजे.

बाबा, रिसॉर्टमध्ये काम मिळेल, मी नाही म्हणत नाही. कोणतं मिळेल ते मी बघितलंय. खोल्या झाडायचं, भांडी घासायचं, आणि गेटवर उभं राहायचं. मॅनेजर बाहेरून येतो, स्वयंपाकी बाहेरून येतो. गेटवर तू उभा राहशील. एप्रिलच्या पहाटे तुझी मावशी टोपली घेऊन मोह वेचायला येईल आणि तिला अडवायचं काम तुझं असेल. त्याचा तुला पगार मिळेल.

दुसरी तऱ्हा आहे का? आहे. समुद्रकाठचीच सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी अंडी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन ती राखायला सुरुवात केली. पिल्लं समुद्राकडं जाताना बघायला लांबून लोक येऊ लागले. वेळासनं त्यांच्यासाठी रिसॉर्ट नाही उभारलं. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवण जेवतात, पैसा घराघरात जातो. कासवाचं पिल्लू पाण्याच्या चमकेकडं चालतं, किनाऱ्यावर मोठे दिवे लावले तर ते उलटं गावाकडं चालायला लागतं. म्हणून तिथं किनारा अंधारात ठेवायचा असतो. पाहुण्यानं कासवाप्रमाणं वागायचं, कासवानं पाहुण्याप्रमाणं नाही. पर्यावरणपूरक म्हणतात ते हेच. त्यासाठी नवीन भिंत बांधावी लागली नाही.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. तिथं जंगलातून रोजगार निघाला आणि जंगल गावाच्याच हातात राहिलं. आपल्यालाही आधी सामूहिक हक्काचा दावा पूर्ण करायचाय. तो झाला की पाहुण्यांचं काय करायचं, हे आपण ठरवू. दिवसाला किती माणसं, गाड्या कुठं थांबणार, डीजे वाजणार नाही, प्लास्टिक आलं तर परत घेऊन जायचं, जेवण बचत गटाच्या बाया करणार, वाट दाखवायला आपलीच पोरं. पोरांनो, ते काम गेटवर उभं राहायचं नाही. पाखरू कोणतं, झाड कोणतं, अस्वल कुठून जातं, हे तुम्हाला येतं. ते शहरातल्या माणसाला येत नाही.

आणि घरं? पाहुण्यासाठी दोन खोल्या वाढवायच्या असतील तर मी आणि माझे गवंडी साथी बांधून देऊ. जाड भिंत, नीट गुंतवलेली, हलकं छप्पर, लांब वळचण, संडासाचं पाणी विहिरीपासून लांब.

हे प्रश्न लिहून घ्या

आता तो कागद ज्या गावाकडं येईल, त्या गावानं सही करायच्या आधी ग्रामसभेत हे प्रश्न विचारायचे. उत्तर तोंडी नको, लेखी पाहिजे, मराठीत पाहिजे.

१. जागा कोणती? गट नंबर, कंपार्टमेंट नंबर सांगा. त्या जागेवर कोणाचे वनहक्क दावे आहेत?

२. रोज किती पाणी लागणार, कुठून घेणार? उन्हाळ्यात आमच्या विहिरी आटल्या तर पहिला कोणाचा पंप बंद होणार?

३. सांडपाणी कुठं जाणार? नकाशात दाखवा, आणि चुन्यानं आखून जमिनीवर दाखवा.

४. कुंपण कुठून जाणार? मोहाची झाडं, तेंदूची जागा, गुरांची वाट, नदीचा घाट, देवाचं आणि माती देण्याचं ठिकाण, ह्यांतलं काय काय आत जाणार?

५. भिंतीच्या आत काय आहे? बाहेरचा रंग नको, आतला माल सांगा. एसी किती, जनरेटर किती?

६. रात्री दिवे किती वाजेपर्यंत? आवाज किती?

७. काम कोणाला, कोणतं, किती वर्षं? नफ्यातला वाटा ग्रामसभेच्या खात्यात किती?

८. बंद पडलं तर बांधलेलं कोण काढणार आणि जमीन पहिल्यासारखी कोण करून देणार?

सगळ्यात शेवटी नववा. तो कंपनीला नाही, आपल्यालाच विचारायचा. ग्रामसभेला निम्मी माणसं आली होती का? आलेल्यांत एक तृतीयांश बाया होत्या का? नियम तसा आहे. बाया नसताना झालेला ठराव टिकत नाही, आणि टिकूही नये, कारण पाणी त्या भरतात. कोऱ्या रजिस्टरवर सह्या घ्यायला कोणी आला, तर त्याला चहा पाजा आणि रजिस्टर गावात ठेवून घ्या.

पुतण्या, तू इथंच बसलायस, मी बघितलं. तू चांगलं लिहितोस. पुढच्या ग्रामसभेत हे प्रश्न तूच वाच. उत्तरं आली तर तीही तूच वाच. मग दोघं मिळून ठरवू. मी अडवणार नाही, पण उत्तरं वाचल्याशिवाय हातही वर करणार नाही.

एवढंच. जास्त बोललो असेल तर माफ करा.

जय सेवा! ग्रामसभा जिंदाबाद!